पराग, बुरशी आणि वावडें

सकाळच्या वेळीं खिडकीच्या फटींतून घरांत कवडसा पडला म्हणजे त्या प्रकाशाच्या पट्ट्यांत असंख्य सूक्ष्म कण तरंगतांना दिसतात. कवडसा सरला कीं ते दिसेनासे होतात. पण नाहींसे झालेले नसतात. आपण ज्या हवेंत श्वास घेतों ती निव्वळ वायूंचें मिश्रण नव्हे. मातीचे कण, धूर, कापडाचे तंतु, वनस्पतींचे पराग आणि बुरशीचे बीजाणु हे सर्व तींत सदोदित वावरत असतात. बहुसंख्य माणसांना त्यांचा कांहींच उपद्रव होत नाहीं. परंतु कित्येकांना त्यांतील एखाद्या कणाचें असें वावडें असतें कीं, तो श्वासाबरोबर आंत जातांच शिंकांची सरबत्ती सुरू होते, डोळे चुरचुरूं लागतात, नाक वाहतें आणि कांहींना तर दमा लागतो. वर्षाच्या ठराविक दिवसांत न चुकतां येणारा हा त्रास घरोघरीं सर्दी, उष्णता किंवा प्रकृतीचा नाजुकपणा अशा नांवाखालीं मोडतो, आणि खरें कारण बाजूलाच राहतें. तें कारण नक्की ठरविण्यास वैद्यकशास्त्राला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. आणि तें ठरविणारा शास्त्रज्ञ स्वतःच त्या विकाराचा रोगी होता.

१८१९ सालच्या मार्च महिन्यांत लंडन येथील एका वैद्यकीय मंडळापुढें डॉ. जॉन बॉस्टॉक ह्यांनीं एका रोग्याची हकीगत वाचून दाखविली. लहानपणापासून ह्या रोग्याला दर वर्षीं जून महिन्याच्या सुमारास डोळ्यांची आग, शिंका आणि छातींत कोंडल्यासारखें होणें, असा त्रास होत असे. तो रोगी म्हणजे खुद्द बॉस्टॉक हेच होते. ह्या विकाराचे आणखी रोगी त्यांनीं कसून शोधले. पण १८२८ पर्यंत त्यांना एकंदर २८ च उदाहरणें मिळालीं. लोकांनीं मात्र लवकरच त्याला ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप, असें नांव देऊन टाकलें. वस्तुतः ह्या विकारांत ताप बहुधा नसतोच. बॉस्टॉक ह्यांना हें लोकमत पटलें नव्हतें. त्यांचा स्वतःचा रोख उन्हाळ्याच्या उष्म्यावर होता. अशा रीतीनें लोकांनीं एक कारण धरलें, वैद्यानें दुसरें धरलें, आणि कसोटीला कोणीच कांहीं लाविलें नाहीं.

तें काम मँचेस्टर शहरांत व्यवसाय करणाऱ्या डॉ. चार्ल्स ब्लॅकले ह्यांनीं केलें. तेही ह्याच विकारानें वर्षानुवर्षें हैराण झालेले होते. १८५९ सालीं त्यांनीं ह्या प्रश्नाचा पद्धतशीर पिच्छा पुरविण्यास आरंभ केला. त्यांची रीत साधी होती. लोक ज्या ज्या गोष्टीवर संशय घेत, ती एकेक गोष्ट वेगळी काढावयाची आणि तिचा प्रयोग स्वतःवर करून पाहावयाचा. उष्णता, प्रकाश, ओझोन वायु, गवताला सुवास देणारें कूमॅरिन नांवाचें द्रव्य, अशा सर्वांची त्यांनीं परीक्षा घेतली. त्यांपैकीं कशानेंही तो विकार हुबेहूब उत्पन्न होईना. मग त्यांनीं गवताचा पराग नाकाशीं नेला, आणि नेहमींचीं सारीं लक्षणें क्रमानें हजर झालीं. गवत फुलण्याचा हंगाम नसतांनाही साठविलेल्या परागानें तोच परिणाम होई, तेव्हां ऋतूचा दोष आपोआपच निकालांत निघाला.

एवढ्यावर समाधान न मानतां त्यांनीं हाताची कातडी किंचित् खरवडून तीवर ओला केलेला पराग बांधला, आणि दुसऱ्या हातावर तसेंच खरवडून परागावांचून नुसती ओली पट्टी बांधली. परागाचा हात खाजूं लागला व सुजला. दुसऱ्या हाताला कांहींच झालें नाहीं. आज दवाखान्यांत वावडें ठरविण्यासाठीं त्वचेवर जी चांचणी करतात, तिचें मूळ ह्या दोन हातांच्या प्रयोगांत आहे.

पुढचा प्रश्न असा कीं, हवेंत पराग असतो तरी किती? ब्लॅकले ह्यांनीं काचेच्या पट्टीवर चिकट द्रव लावून ती श्वासाच्या उंचीवर उघड्यावर ठेवली, आणि तीवर चिकटलेले कण सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं रोजच्या रोज मोजले. ज्या दिवसांत मोजणी वाढे त्या दिवसांत त्यांचा त्रासही वाढे. पाऊस पडून हवा धुतली गेली कीं दोन्ही उतरत. इतकेंच नव्हे, तर अशा पट्ट्या पतंगांना बांधून त्यांनीं त्या हजार फुटांहून अधिक उंच चढविल्या, आणि तेथें जमिनीजवळच्यापेक्षांही अधिक पराग सांपडला. शेत दृष्टीस पडत नाहीं अशा शहरांतील माणसाला गवताचा त्रास कसा होतो, ह्या कोड्याचा उलगडा त्या पतंगांनीं केला. हे सारे प्रयोग त्यांनीं १८७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं डॉ. डी. डी. कनिंगहॅम ह्यांनीं कलकत्त्याच्या हवेच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपल्या देशाच्या हवेंतही पराग व बुरशीचे बीजाणु विपुल असल्याचें त्यांत दाखवून दिलें.

येथें एक शंका साहजिकच उद्भवते. पराग जर दोषी, तर गुलाब, मोगरा, गुलमोहर हीं फुलें अधिक अपायकारक नव्हेत काय? वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. रंग आणि सुगंध हीं फुलानें कीटकांना व पक्ष्यांना दिलेलीं आमंत्रणें होत. अशा फुलांचा पराग जड व चिकट असतो. तो पाहुण्याच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाहीं. ज्या वनस्पति वाऱ्यावर विसंबून असतात त्यांचीं फुलें मात्र बारीक, बिनवासाचीं आणि डोळ्यांत न भरणारीं असतात, आणि त्या हलका, कोरडा पराग अपरंपार उधळतात. गवतें, एरंड, वावळ, माठाच्या जातीचीं रानझुडपें हीं ह्या वर्गांतलीं. उन्हाळ्यांत सांवरीचा कापूस उडूं लागला कीं लोक शिंकांचा आरोप त्यावर करतात. पण तो पराग नव्हे, बियांबरोबर उडणारी म्हातारी आहे. जें दिसतें त्यावर आळ येतो, आणि जें दिसत नाहीं तें सुटतें. गेल्या शतकाच्या मध्यानंतर महाराष्ट्रभर पसरलेलें गाजर गवत तर दुहेरी त्रास देतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या त्वचेला दाह होतो, आणि त्याच्या परागानें नाकाचाही विकार जडतो.

बुरशीची कथा ह्याहून व्यापक आहे. पावसाळ्यांत चामड्याच्या पादत्राणांवर, कपाटांतील पुस्तकांवर, ओल धरलेल्या भिंतीवर जी करडी-हिरवी लव चढते, ती लक्षावधि बीजाणु हवेंत सोडीत असते. परागाला ऋतु असतो, बुरशीला ओल पुरते. म्हणून बुरशीचें वावडें असलेल्या माणसाला बाराही महिने त्रास होऊं शकतो. आकाराचा फरकही महत्त्वाचा आहे. गवताचा परागकण साधारणतः ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तेहतिसाव्या भागाएवढा असतो. तो बहुतेक नाकांतच अडकतो. अ‍ॅस्परजिलस नांवाच्या बुरशीचा बीजाणु अवघा दोन-तीन मायक्रॉनचा; तो थेट फुप्फुसाच्या खोल भागांत उतरूं शकतो. पिकांवरील बुरशीही निरुपद्रवी नसते. गव्हावरील तांबेऱ्याच्या बीजाणूंनीं शेतकऱ्यांना दमा जडल्याचीं उदाहरणें कॅनडांतील डॉ. कॅडहॅम ह्यांनीं १९२४ सालीं नोंदविलीं.

मग एकाच हवेंत श्वास घेणाऱ्या दोघां भावांपैकीं एकालाच त्रास कां व्हावा? कारण दोष कणाचा नसून शरीराच्या पहाऱ्याचा असतो. वाड्याच्या दाराशीं पहारेकरी असावा, त्यानें एकदां भोळ्या पाहुण्याला चोर समजून त्याची खूण मनांत धरावी, आणि पुढें तो पाहुणा दिसतांच साऱ्या वाड्यांत आरडाओरडा करावा, तसा हा प्रकार आहे. शरीराची ही बदललेली प्रतिक्रिया ध्यानांत घेऊन व्हिएन्ना येथील डॉ. फॉन पिर्के ह्यांनीं १९०६ सालीं ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द प्रचारांत आणला. पहारेकऱ्यानें धरलेली खूण म्हणजे रक्तांतील एक प्रथिन होय. त्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका दांपत्यानें आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिक ह्यांनीं स्वतंत्रपणें लावला. त्याला इम्युनोग्लोब्युलिन ई असें म्हणतात. तें नाकाच्या व श्वासनलिकेच्या अस्तरांतील मास्ट पेशींवर चिकटून बसतें. ओळखीचा कण येऊन त्याला भिडला कीं त्या पेशी हिस्टॅमिनादि द्रव्यें बाहेर टाकतात, आणि खाज, सूज, स्राव हीं सर्व त्यांचीं फळें होत. ही प्रवृत्ति बऱ्याच अंशीं घराण्यांत चालत येते.

शिंकांनीं कोणी मरत नाहीं, असें म्हणून ह्या विकाराची थट्टा करण्याचा प्रघात आहे. ती थट्टा किती महाग पडूं शकते हें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरानें पाहिलें. २१ नोव्हेंबर २०१६ रोजीं संध्याकाळीं तेथें मेघगर्जनेसह वादळ आलें. त्या सुमारास राय जातीच्या गवताचा हंगाम भरांत होता. वादळाच्या ओलाव्यानें परागकण फुटले, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण वाऱ्याच्या झोतांबरोबर जमिनीलगत पसरले. अखंड पराग नाकांत अडकतो. त्याचे तुकडे मात्र फुप्फुसांत शिरतात. कांहीं तासांत हजारों माणसें श्वास कोंडून रुग्णालयांकडे धांवलीं आणि एकंदर दहा जणांचे प्राण गेले. त्रास झालेल्यांपैकीं पुष्कळांना त्यापूर्वीं दमा असल्याचें कधींच सांगण्यांत आलें नव्हतें. त्यांना केवळ हंगामी शिंका येत असत.

तात्पर्य, ह्या विकाराची भीति नको, पण उपेक्षाही नको. त्रास कोणत्या महिन्यांत, कोणत्या जागीं, घरांत कीं घराबाहेर, पावसानंतर कीं वाऱ्याच्या दिवशीं होतो, ह्याची तारीखवार टांचणें एक वर्षभर ठेवलीं, तर वैद्यांचें निम्में काम होतें. उरलेलें काम त्वचेच्या किंवा रक्ताच्या चांचणीनें होतें. हिस्टॅमिनरोधक औषधें आणि नाकांत वा श्वासांत घ्यावयाचीं औषधें वैद्याच्या सल्ल्यानें नियमित घेतल्यास बहुतेकांना चांगला आराम पडतो. १९११ सालीं लंडनमध्यें डॉ. लिओनार्ड नून ह्यांनीं परागाचा अर्क अल्प मात्रेपासून वाढवीत टोंचण्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्यांत पहारेकऱ्याला पाहुण्याची हळूहळू ओळख पटवून द्यावयाची असते. सुधारलेल्या स्वरूपांत तो उपाय आजही चालू आहे. बुरशीच्या बाबतींत भिंतीला नुसता रंग देऊन भागत नाहीं. पाणी कोठून मुरतें तें शोधून बंद केलें पाहिजे. आणि शिंकांबरोबर छातींत घरघर किंवा धाप लागूं लागली, तर ती सर्दी समजून दिवस काढूं नयेत, तात्काळ वैद्याकडे जावें.

ब्लॅकले ह्यांचा स्वतःचा विकार त्यांच्या शोधानें बरा झाला नाहीं. पण कशापासून जपावयाचें हें त्यांना कळलें, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या असंख्य रोग्यांनाही कळलें. घरांतील एखादें मूल दर वर्षीं ठराविक दिवसांत शिंकूं लागलें, तर त्याला नाजुक म्हणून हिणविण्यापूर्वीं किंवा दारांतल्या मोगऱ्यावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं मँचेस्टरच्या त्या वैद्याची चिकाटी आठवावी, आणि कॅलेंडरावर पहिली खूण करावी.