सहा गावे, तीन पिढ्या : पुण्याच्या पोषण-संशोधनामागची माणसे

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा अभ्यास सुरू झाला. गरोदरपणात आईला काय खायला मिळते आणि त्याचा बाळाच्या पुढच्या प्रकृतीशी काय संबंध असतो, हे पाहणे हा त्याचा हेतू होता. धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र आणि तेथील मधुमेह विभाग यांनी तो हाती घेतला. जगभरातील वैद्यकीय ग्रंथांत आज या गावांतील बाळांचे दाखले दिले जातात.

या कामाची जमीन डॉ. बानू कोयाजी यांनी तयार केली. रास्ता पेठेतले केईएम रुग्णालय त्यांनी नावारूपाला आणले, पण खेड्यातली बाई शहरातल्या दवाखान्यात क्वचितच पोचते हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९७०च्या दशकात त्यांनी शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णालयाने गावात जायचे असते ही त्यांची शिस्त पुढच्या संशोधनालाही लागली.

अभ्यासाचे नेतृत्व डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केले. ऑक्सफर्डहून पुण्यात परतल्यावर ते मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले, तेव्हा पाश्चात्त्य पुस्तकांतले वर्णन त्यांना लागू पडेना. पुस्तकांतला रुग्ण प्रौढ आणि लठ्ठ होता. पुण्यातला रुग्ण त्याहून तरुण आणि बराच सडपातळ. याच विसंगतीवर बोट ठेवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन सांगणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के.

हा फरक कधीपासून पडतो? ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजन आणि प्रौढपणीचे आजार यांचा संबंध मांडला होता. केईएममध्ये १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली मुले चार वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा कमी वजनाने जन्मलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर जास्त आढळली. म्हणजे मूळ गर्भात शोधायला हवे होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल या शोधात सहभागी झाल्या. आहाराच्या मोजमापाची आणि विश्लेषणाची बाजू आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली.

अभ्यासाचा खरा भार गावांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांवर होता. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की गरोदरपण लवकर कळे आणि पुढच्या तपासण्यांचा आठवडा ठरवता येई. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहाराची नोंद होई. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा व पोटाचा घेर मोजला जाई. मग बाळाच्या पाठीवर, खवाट्याच्या खालची त्वचा चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने पाहिली जाई. एवढ्याशा जिवाला हात लावू देण्यासाठी आजी, सासू आणि आई या सगळ्यांचा विश्वास लागतो. तो विश्वास दर महिन्याच्या भेटींनी कमावलेला होता.

गरोदर होण्यापूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. साउदॅम्प्टनमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. पण पाठीवरच्या चरबीत एवढी तफावत नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले होते. चरबी मात्र बरीचशी टिकून होती. वरून किरकोळ, आतून चरबीयुक्त अशी ही बाळे होती. मोठेपणीच्या मधुमेहाची तयारी जन्माआधीच सुरू झालेली असते, याचा हा ठळक पुरावा ठरला.

आहाराच्या नोंदींनीही प्रचलित समजाला धक्का दिला. आईने एकूण किती उष्मांक आणि प्रथिने घेतली यावरून बाळाचा आकार ठरत नव्हता. अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे मोठी होती. कष्टांचा हिशेबही लागला : शेतात राबणे, पाणी आणणे यांचा ताण जास्त, तेथे बाळ लहान. केवळ पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे, हे त्यातून आकड्यांनी सिद्ध झाले.

रक्ताच्या तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फोलेटची कमतरता मात्र फक्त एकीत होती. बी-१२ दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळते आणि गरिबाच्या ताटात ते बेताचेच असतात. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत अधिक आढळला. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मिळतात. बी-१२ त्यांत नसते. म्हणून हा निष्कर्ष धोरण आखणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे.

पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा धागा मुंबईत पुढे नेला गेला. बालरोगतज्ज्ञ डॉ. रमेश पोतदार आणि ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’ ही वांद्र्याची संस्था यांनी २००६ मध्ये ‘सरस’ प्रकल्प सुरू केला. झोपडवस्त्यांतील साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ताजा खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. दुसऱ्या गटाच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. जन्मवजनात एकंदर मोठा फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांत तो सुमारे ४८ ग्रॅम होता आणि फार कृश स्त्रियांना लाभ झाला नाही. मात्र गरोदरपणातील मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्क्यांवर आला.

सहा गावांतील ती बाळे वयात आल्यावर, २०१२ मध्ये, त्यांच्यासाठी ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात किशोरवयीन मुलामुलींपैकी काहींना रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. काहींना त्याच्या जोडीने इतर सूक्ष्मपोषकेही. यथावकाश त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली आणि आजींपासून सुरू झालेल्या नोंदी नातवंडांपर्यंत आल्या.

गरोदरपणाची नोंद झाल्यावर दिलेला आहार उशिराचा असतो, हा या सगळ्या कामाचा निर्वाळा आहे. आपल्या घरातल्या मुलीच्या ताटात रोज पालेभाजी, फळ आणि दूध किंवा अंडे पडते का, हे तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी पाहायला हवे. शासनाने आणि शाळांनीही पोषणाची सुरुवात तिथूनच करावी.