गाडी कुठं लावायची?

पिंपळगाव बसवंतचा टोलनाका मागं पडला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून दुपारी निघालेली दहा चाकी गाडी, मागं पत्र्याच्या कॉइल, जायचं इंदूरला. चालक बीड जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हणत होतो. कसारा घाट चढून आल्यापासून त्यांना जांभया येत होत्या. आता थांबायला पाहिजे, असं ते स्वतःच म्हणाले आणि पुढच्या वीस किलोमीटरमध्ये तीन ढाबे सोडून दिले.

पहिल्यावर झाडांना दिव्यांच्या माळा होत्या, बाहेर ‘फॅमिली गार्डन’ अशी पाटी. “तिथं शिट्ट्या मारत्यात,” काका म्हणाले. कारवाल्यांची जागा अडू नये म्हणून वॉचमन ट्रकला आत वळूच देत नाही. दुसऱ्याचं आवार काळ्या मातीचं. जुलै महिना, संध्याकाळी पाऊस होऊन गेलेला. भरलेल्या दहा चाकी गाडीचं वजन 28 टनांच्या घरात जातं. अशा जमिनीत ती रात्रभर उभी राहिली की चाकं रुततात आणि सकाळी क्रेन शोधत फिरावं लागतं. तिसऱ्याची जमीन मुरमाची, टणक, पण तिथं एकही ट्रक नव्हता. रिकाम्या ढाब्यावर काका थांबत नाहीत. बाकीचे का थांबले नाहीत, ते कळल्याशिवाय आपण थांबायचं नाही, हा त्यांचा नियम. चौथ्यावर सहा गाड्या होत्या, त्यांतल्या चार राजस्थान पासिंगच्या. एका खांबावर ट्यूबलाइट आणि तिच्याखाली बाजेवर बसलेला एक म्हातारा. काकांनी इंडिकेटर दिला.

हे सगळं त्यांनी चालत्या गाडीतून पाहिलं होतं, प्रत्येक ठिकाणी फार तर दहा सेकंदांत. ढाबा म्हटलं की आपल्याला दाल तडका आणि तंदुरी रोटी आठवते. काकांनी त्या रात्री जेवणाचा विचार शेवटी केला. आधी त्यांनी पाहिली ती झोपायची जागा, म्हणजे आपण डोळे मिटल्यावर गाडीकडे कोण बघणार, हे. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, एक झोपला की दुसरा जागा राहायचा. आता अनेक मालकांना क्लीनरचा पगार परवडत नाही आणि चालक एकटाच निघतो. त्या जाग्या माणसाची उणीव ढाब्यानं भरून काढायची असते.

भीती दोन गोष्टींची, मालाची आणि डिझेलची. कॉइल कुणी खांद्यावर टाकून नेत नाही. पण टाकीत नळी घातली की शंभर-दीडशे लिटर डिझेल बघता बघता जातं, आणि ते भरून देण्याची वेळ पुष्कळदा चालकावर येते. काकांनी गाडी लावली ती बघण्यासारखी होती. तोंड रस्त्याकडे, म्हणजे पहाटे रिव्हर्स घ्यायला नको. टाकीची बाजू शेजारच्या गाडीला इतकी लगटून की मधून माणूस आडवा होऊनच शिरला असता. मग खाली उतरून त्यांनी टाकीच्या झाकणाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, चाकाखाली दगड लावला, आणि मगच हौदावर तोंड धुवायला गेले.

माल बदलला की जागाही बदलते. कापसाच्या गाठी भरलेली गाडी तंदूरच्या जवळ लावत नाहीत; एक ठिणगी पुरते. लासलगाव-पिंपळगावचा कांदा ताडपत्रीखाली घामेजतो, म्हणून कांद्याची गाडी आडोशाला न लावता वाऱ्यावर लावतात आणि तिचा मुक्कामही आखूड असतो. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघालेला इंधनाचा टँकर तर भट्टी पेटलेल्या ढाब्यापासून लांबच राहतो. सिमेंट असेल तर पावसाळ्यात खोलगट, पाणी साचणारी जागा बाद.

घाटाचा हिशेब वेगळा. भरल्या गाडीनं घाट उतरायचा तर वर थांबून ब्रेक बघायचे आणि खाली आल्यावर ड्रम निवेपर्यंत थांबायचं, असं जुने चालक नव्यांना शिकवतात. इगतपुरीची घाटनदेवी काय किंवा सेंधव्याच्या अलीकडची बिजासनी माता काय, देवळं नेमकी अशाच जागी आहेत. नारळ फोडायला उतरलेला माणूस चाकांभोवती एक फेरी मारतोच. माझ्या मते या देवळांनी वाचवलेल्या जिवांची गणती व्हायला हवी होती. याउलट घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला खेटून असलेल्या हॉटेलात बसणं काका टाळतात. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि अनेकांचा जीव गेला. तिथून जाताना ते आजही बोलायचं थांबतात.

कायदा चालकाच्या बाजूनं आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. रस्त्यावर मात्र चालते ती मालकाची मोबाइल स्क्रीन. गाडीला जीपीएस असतं; अर्ध्या तासाहून जास्त ठिपका हलला नाही की फोन येतो, “गाडी खोटी का झाली?” 1 जानेवारी 2021 पासून ई-वे बिलाची मुदतही 200 किलोमीटरला एक दिवस अशी झाली, आधी ती 100 किलोमीटरला होती. झोप या सगळ्यातून उरेल तेवढीच.

नव्या रस्त्यांनी तर जागाच काढून घेतली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला तेव्हा वाटेत धड थांबायला सोय नव्हती. सगळा 701 किलोमीटरचा रस्ता 5 जून 2025 रोजी खुला झाला. वेगासाठी दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं, आणि गावातला ढाबा, पंक्चरवाला, हौद, बाज सगळं कुंपणापलीकडे राहिलं. झोप आवरेना की माणूस कडेच्या पट्ट्यात गाडी लावतो आणि मागून येणाऱ्या वेगाच्या तोंडी उभा राहतो. रस्ता आखताना चालकाच्या झोपेचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावानं पलंग, न्हाणीघर आणि स्वतः रांधायची सोय असलेली विश्रांतिगृहं बांधली, हे चांगलंच झालं. काका तिथं आंघोळ करतात. झोपत मात्र नाहीत. “खोली झकास हाय सर, पण खोलीतनं टाकीचं झाकण दिसत न्हाई.”

जेवण झाल्यावर ते केबिनमध्येच आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. मला झोप लागली नाही. ट्यूबलाइटखाली म्हातारा बसून होता. तासाभरानं उठायचा, टॉर्च घेऊन गाड्यांमधून एक चक्कर मारायचा, परत बाजेवर येऊन विडी पेटवायचा.

साडेचारला काका उतरले. लोखंडी टॉमीनं एकेका टायरवर ठोका देत, आवाज ऐकत पुढं सरकले. सहाव्या चाकाशी थांबून त्यांनी पुन्हा ठोकलं, कान लावला, मान डोलावली. म्हाताऱ्यानं चहाचा ग्लास पुढं केला. “सेंधव्याच्या पुढचा सरदारजीचा ढाबा बंद झालाय बरं का,” तो म्हणाला. “पोरं शहरात गेली. रात्री तिथं कुणी नसतं.”

काका चहा फुंकत राहिले. “मग जुलवानियाच्या अलीकडं बघतो,” म्हणाले, आणि चाकाखालचा दगड पायानं सारून गाडीत चढले.