नाव कोण तपासतो?

पुणे-नाशिक रस्त्याने पेठ, मंचर ओलांडून नारायणगावला पोचलो, की जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. तिच्या ३० अँटेनांनी टिपलेली निरीक्षणे सामायिक साठ्यात राहतात. ठरावीक मुदतीपर्यंत ती निरीक्षण मागणाऱ्या गटालाच मिळतात. नंतर इतरांना खुली होतात.

अशी वाटणी संगणक कशी सांभाळतो? युनिक्स पद्धतीत प्रत्येक फाईलला मालक व गट असतो. मालक, गट आणि इतर यांना वाचण्याची, लिहिण्याची परवानगी वेगवेगळी देता येते. गुणपत्रक शिक्षकांनी लिहावे, मुख्याध्यापकांनी वाचावे, इतरांनी उघडूही नये, तसेच हे.

साठा जाळ्यावर आला की मात्र अडचण येते. संगणक माणसाला क्रमांकाने ओळखतो. सन कंपनीने १९८४ साली तयार केलेल्या एनएफएसच्या मूळ पद्धतीत हा क्रमांक फाईल मागणारा संगणकच सांगतो आणि साठा त्यावर विश्वास ठेवतो. समजा, शिक्षकांचा क्रमांक ५०१ आहे. साठ्याशी जोडलेला एखादा संगणक पूर्णपणे विद्यार्थ्याच्या ताब्यात असेल आणि त्याने त्यावर ५०१ क्रमांकाचे खाते उघडले, तर गुणपत्रक त्याच्या हाती!

म्हणून एमआयटीत तयार झालेल्या कर्बेरॉस पद्धतीत तिसरा, विश्वासू संगणक आधी ओळख पटवून घेतो आणि मगच ठरावीक मुदतीचे सांकेतिक तिकीट देतो. परवानग्यांची यादी कितीही चोख असो, ओळख खरी नसेल तर ती व्यर्थ होय.