विश्लेषण : ‘दुसऱ्या दिवशी रुग्ण चालू लागला’, पण दहाव्या वर्षी? कृत्रिम डिस्कच्या बातम्यांवर रुग्ण नाराज का?

विख्यात गोल्फपटू टायगर वूड्सने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कमरेच्या मणक्यातील खराब झालेली डिस्क काढून तिच्या जागी कृत्रिम डिस्क बसवून घेतली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्याने समाजमाध्यमावर ही माहिती दिली आणि आपला निर्णय योग्य असल्याचेही सांगितले. काही तासांत ही बातमी जगभर पोहोचली. त्यानंतर ‘डिस्क रिप्लेसमेंट म्हणजे काय’, ‘पाठदुखीवर कायमचा उपाय?’ अशा मजकुराची रांग लागली.

कंबर धरून फोनवर या बातम्या वाचणाऱ्यांमध्ये आणखी एक गट असतो. ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या किंवा करावी की नाही या विचारात असलेल्या रुग्णांचा. माध्यमांच्या वार्तांकनावर त्यांचे आक्षेप जुने आहेत. ते काय आहेत आणि त्यात तथ्य किती?

ही शस्त्रक्रिया नेमकी काय?

दोन मणक्यांच्या मध्ये धक्के शोषून घेणारी एक चकती असते. बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर, अशी तिची रचना. वय, झीज किंवा दुखापतीमुळे ती चपटी होते किंवा तिचा भाग बाहेर येऊन नसेवर दाबतो. ‘मणक्यात गॅप आला’, ‘गादी सरकली’ असे आपल्याकडे म्हणतात ते बहुधा याच त्रासाला. बहुतेकांचा त्रास औषधे, व्यायाम, फिजिओथेरपी आणि वेळ यांनी कमी होतो. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते.

शस्त्रक्रियाही एकच नसते. नसेवर दाबणारा तुकडा काढणे ही एक. डिस्क काढून दोन मणके कायमचे जोडणे ही दुसरी, तिला फ्युजन म्हणतात. तिथली हालचाल थांबते आणि वरच्या-खालच्या मणक्यांवर जास्त ताण येण्याची शक्यता असते. तिसरी म्हणजे डिस्कच्या जागी कृत्रिम सांधा बसवणे. प्रचलित कृत्रिम डिस्कमध्ये बहुधा धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कठीण प्लास्टिकचा गाभा असतो. हालचाल टिकवणे हा तिचा उद्देश. सोप्या भाषेत, फ्युजन म्हणजे बिजागरी वेल्ड करणे आणि डिस्क रिप्लेसमेंट म्हणजे बिजागरी बदलणे. बातम्यांमध्ये या तिन्ही गोष्टी ‘मणक्याची शस्त्रक्रिया’ या एकाच नावाखाली येतात. रुग्णांच्या नाराजीची सुरुवात इथूनच होते.

बातम्यांची सुरुवात कुठून झाली?

‘शारिटे’ ही कृत्रिम डिस्क १९८०च्या दशकात पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात विकसित झाली. कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्युटनर-यान्झ या दोन डॉक्टरांनी ती घडवली. ब्युटनर-यान्झ या १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवलेल्या जिम्नॅस्ट. खेळाडूने डॉक्टर होऊन पाठीसाठी सांधा तयार करावा, ही कोणत्याही बातमीदाराला हवीशी वाटणारी कथा. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) शारिटेला मान्यता दिली आणि कृत्रिम डिस्कची चर्चा घराघरात पोहोचली. ऑगस्ट २००६ मध्ये ‘प्रोडिस्क-एल’ला आणि २००७ मध्ये मानेच्या ‘प्रेस्टीज’ला मान्यता मिळाली.

मान्यतेला अटी होत्या. शारिटेची परवानगी कमरेच्या खालच्या भागातील एकाच डिस्कसाठी होती. हाडे ठिसूळ असतील, मणक्यांच्या मागच्या सांध्यांची झीज झाली असेल किंवा मणका सरकलेला असेल, तर ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. म्हणजे पाठदुखीने त्रस्त असलेल्या अनेकांसाठी ती मुळात नाहीच. ‘पाठदुखीवर नवा उपाय’ या मथळ्यात मात्र सगळेच बसतात. आशेने डॉक्टरांकडे गेल्यावर ‘तुम्ही यात बसत नाही’ हे ऐकावे लागते, तेव्हा त्या मथळ्याची किंमत कळते.

‘कमी नाही’ म्हणजे ‘सरस’ का?

नाही, आणि हा फरक बातम्यांमध्ये सर्वाधिक हरवतो. शारिटेच्या अमेरिकेतील चाचणीत ३०४ रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागणी झाली. २०५ जणांना कृत्रिम डिस्क बसवली, तर ९९ जणांवर फ्युजन झाले. नवा उपाय जुन्यापेक्षा कमी पडत नाही, एवढे दाखवणे हा या चाचणीचा मुख्य हेतू होता. दोन वर्षांच्या पाहणीवर तो साध्य झाला. शिवाय तुलनेसाठी वापरलेली फ्युजनची पद्धत तेव्हाच मागे पडू लागली होती, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला होता.

आता यात किती मुद्दे आहेत ते पाहा. कशाशी तुलना, किती रुग्ण, किती काळ आणि ‘यश’ कशाला म्हटले? हे मुद्दे गाळले की उरते ते ‘क्रांतिकारी तंत्रज्ञान’. अमेरिकेच्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेने २००६ मध्ये शारिटेचा आणि २००७ मध्ये कमरेच्या सर्वच कृत्रिम डिस्कचा ६० वर्षांवरील रुग्णांसाठीचा खर्च देण्यास नकार दिला. मान्यतेच्या बातमीसारखी ही बातमी लक्षात राहत नाही.

हे केवळ रुग्णांचे रडगाणे नाही. गॅरी श्वित्झर यांनी अमेरिकेतील आरोग्यविषयक ५०० बातम्या तपासून २००८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. खर्च, फायद्याचे व धोक्याचे प्रमाण, पुराव्याचा दर्जा आणि अन्य पर्याय हे मुद्दे ६२ ते ७७ टक्के बातम्यांत पुरेसे आलेच नव्हते.

खेळाडूंच्या बातम्यांनी काय होते?

आइस हॉकीपटू जॅक आयकलचे उदाहरण घ्या. २०२१ मध्ये त्याच्या मानेतील डिस्क सरकली. त्याच्या संघाच्या डॉक्टरांचा कल फ्युजनकडे होता, त्याला मात्र कृत्रिम डिस्क हवी होती. वाद काही महिने चालला. संघ बदलल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने हवी ती शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मैदानात परतला आणि २०२३ मध्ये त्याच्या संघाने स्टॅन्ले चषक जिंकला.

अनेक रुग्णांना ही बातमी आपली वाटते, कारण ‘शरीर माझे, निर्णयही माझा’ हा मुद्दा तिने ठळक केला. अडचण पुढे येते. आयकल तेव्हा २५ वर्षांचा होता आणि त्याची डिस्क मानेची होती. मानेच्या कृत्रिम डिस्कचा पुरावा कमरेच्या डिस्कपेक्षा भक्कम मानला जातो. शस्त्रक्रियाही वेगळी. कमरेची डिस्क बसवताना पोटाच्या बाजूने जाऊन मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला कराव्या लागतात. पुढे ती काढण्याची वेळ आली, तर आतल्या व्रणांमुळे हाच मार्ग अधिक धोक्याचा होतो. पन्नाशीतल्या एसटी चालकाच्या कमरेला आयकलच्या मानेचा दाखला चालत नाही.

वूड्सच्या बाबतीतही तेच. ही त्याच्या पाठीवरची सातवी शस्त्रक्रिया होती आणि २०१७ मध्ये त्याच्या कमरेत फ्युजनही झाले होते. हा तपशील बातमीच्या तळाशी जातो. सामान्य रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच तपशिलात असते.

पडद्यामागचे हितसंबंध कोणी उघड केले?

जानेवारी २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘प्रोडिस्क’च्या चाचणीबाबत वृत्त दिले. चाचणीत सहभागी १७ केंद्रांपैकी सुमारे निम्म्या केंद्रांतील डॉक्टरांना ही डिस्क यशस्वी ठरल्यास आर्थिक लाभ होणार होता, असे त्यात म्हटले होते. ही माहिती पुढे आली ती एका रुग्णाने केलेल्या दाव्यातून.

या बातमीवर रुग्णांच्या दोन प्रतिक्रिया संभवतात आणि दोन्ही समजण्यासारख्या आहेत. ज्याचा त्रास वाढला, त्याच्या लेखी हे सत्य उशिरा का होईना बाहेर आले. ज्याला गुण आला, त्याला वाटते की आपल्या बऱ्या झालेल्या पाठीवर विनाकारण संशय आला. हितसंबंध असले म्हणजे निकाल खोटाच असतो असे नाही. पण रुग्णाला ते आधी कळायला हवेत, यावर दोघांचेही एकमत व्हावे. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या रकमा जाहीर करणे बंधनकारक केले. २०१४ पासून ही माहिती ‘ओपन पेमेंट्स’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

भीतीच्या बातम्यांबद्दल आक्षेप काय?

नोव्हेंबर २०१८ मध्ये शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आयसीआयजे) ‘इम्प्लांट फाइल्स’ ही मालिका ३६ देशांतील पत्रकारांच्या साह्याने प्रसिद्ध केली. भारतातून त्यात ‘इंडियन एक्स्प्रेस’चा सहभाग होता. त्यातील एक प्रकरण ‘कॅडिस्क-एल’ या कमरेच्या कृत्रिम डिस्कचे होते. काही रुग्णांमध्ये ती जागेवरून सरकल्याचे, तिचे तुकडे झाल्याचे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे वृत्तांत आले. त्रास होणाऱ्या रुग्णांना ‘दुखणे तुमच्या मनात आहे’ असे ऐकून घ्यावे लागते. त्यांच्यासाठी अशी बातमी हा मोठा आधार असतो.

पण कॅडिस्क-एल ही धातूच्या पट्ट्या नसलेली, वेगळ्या बनावटीची डिस्क होती. मथळ्यात फक्त ‘कृत्रिम डिस्क’ असे आले की वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रचनेची डिस्क बसवलेला आणि मजेत असलेला माणूसही रात्रभर झोपत नाही. एका मॉडेलच्या मोटारीचे ब्रेक निकामी झाले, तर बातमीत मॉडेलचे नाव येते. शरीरातल्या भागाबाबतही तेवढी अपेक्षा गैर नाही.

थोडक्यात, एका गटाला चमत्काराच्या बातम्या खोट्या वाटतात, दुसऱ्याला भीतीच्या. पण दोघांची मागणी एकच आहे. कोणावर, कोणती डिस्क, कशाच्या तुलनेत आणि किती वर्षांनी, हे सांगा. बेअरिंग पहिल्या दिवशी फिरते यात नवल नाही. ते किती वर्षे फिरते यावर त्याची परीक्षा होते.

महाराष्ट्रात चित्र काय?

‘जिल्ह्यातील पहिलीच शस्त्रक्रिया’, ‘जटिल शस्त्रक्रिया यशस्वी’, ‘रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागला’ हे मथळे आपल्याकडे ओळखीचे आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि नातेवाईक यांचे हसरे छायाचित्र, सोबत पुष्पगुच्छ. माहितीचा स्रोत बहुतेक वेळा रुग्णालयाचे प्रसिद्धिपत्रक किंवा पत्रकार परिषद. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांना रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. पण बातमीच्या रूपात आलेला मजकूर वाचकाला जाहिरात वाटत नाही. दोन वर्षांनी त्याच रुग्णाकडे कोणी परत जाऊन विचारपूस केली, अशी बातमी मात्र विरळाच.

याचा फटका कसा बसतो, हे कृत्रिम खुब्याच्या प्रकरणात दिसले. ‘एएसआर’ हा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात मात्र भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले आणि तोवर अनेक रुग्णांचा माग लागत नव्हता. खुबा बसवल्याच्या आनंदाची बातमी आली, तो परत मागवल्याची बातमी ज्याच्या शरीरात तो होता त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. त्यानंतर नियम कडक झाले. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे काम पाहतो.

बातमी वाचताना काय पाहावे?

डिस्क मानेची की कमरेची, हे आधी पाहा. शस्त्रक्रिया तुकडा काढण्याची, फ्युजनची की डिस्क बदलण्याची? रुग्णाचे वय आणि त्रास तुमच्यासारखा आहे का? निकाल किती काळानंतरचा आहे? बातमीत धोके, खर्च आणि शस्त्रक्रियेशिवायचे पर्याय आहेत का? रुग्णालयाबाहेरच्या, त्या शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या डॉक्टरांचे मत घेतले आहे का? यातील निम्म्या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर ती बातमी निर्णयासाठी पुरेशी नाही.

डॉक्टरांनाही काही गोष्टी थेट विचारता येतात. तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? त्यातील किती रुग्ण आज तुमच्या संपर्कात आहेत? डिस्क काढावी लागली तर पुढे काय? या कंपनीशी तुमचा आर्थिक संबंध आहे का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. विमा असेल तर याच शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे.

शस्त्रक्रिया झालीच, तर इम्प्लांटच्या वेष्टनावरचा स्टिकर मागून घ्यावा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो. तो डिस्चार्ज कार्डासोबत जपावा आणि त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही ठेवावा. उद्या ‘कृत्रिम डिस्क धोकादायक’ अशी बातमी आली, तर ती आपल्या पाठीतल्या डिस्कबद्दल आहे की नाही, हे त्या स्टिकरवरून कळेल.