पद्मपूरच्या कवीची चित्रशाळा

लघुचित्रांतली स्त्री बहुधा घरातच भेटते. गादी, तक्क्या, पानाचा डबा, जवळ सखी. १६५० साली औरंगाबादेत मेवाडच्या एका राजपूत सरदारासाठी भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची सचित्र पोथी तयार झाली. दख्खन हे तेव्हा मोगलांचं मोठं लष्करी ठाणं. तिथे आलेल्या सरदारांसोबत त्यांची रसिकताही आली. ‘रसमंजरी’तली वासकसज्जा शेज सजवून वाट पाहते, खंडिता रात्र बाहेर काढून आलेल्या प्रियकराला जाब विचारते. म्हणजे वरवर निवांत दिसणारी ही नायिका कुणाच्या तरी येण्याजाण्याला बांधलेली. ती दाराकडे पाहते आणि पोथीचा धनी तिच्याकडे.

ही नजर उलटी फिरवणारा कवी त्या पोथीच्या सुमारे नऊशे वर्षं आधी, आठव्या शतकात होऊन गेला, आणि तो झाडीपट्टीचा. भवभूतीने आपलं मूळ गाव पद्मपूर असं नोंदवलं आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या मते ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पद्मपूर. वाकाटकांच्या अपुऱ्या राहिलेल्या दुर्ग ताम्रपटाचा आरंभही पद्मपुराच्याच नावाने होतो.

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकात नायिका मालती घरात बसून झुरते खरी, पण हातात कुंचला घेऊन. तिने काढलेलं प्रियकर माधवाचं चित्र त्याच्यापर्यंत पोचतं, आणि तो त्याच फलकावर तिला रेखाटतो.

‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक तर घरातल्या चित्रदर्शनाचाच. वडीलधारी मंडळी यज्ञाला गेलेली, जनकही परतलेले. गर्भवती सीता उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण नव्याने रंगवलेली रामचरिताची चित्रं दाखवायला नेतो. लग्नाच्या चित्रात तो सीता, मांडवी, श्रुतकीर्ती दाखवतो आणि ऊर्मिलेला हळूच वगळतो. सीता मुद्दाम विचारते, ही आणखी एक कोण? दिराची अशी फिरकी घेणारी वहिनी मराठी घराला नवी नाही. पुढे शूर्पणखा दिसताच मात्र तीच सीता दचकते; हे नुसतं चित्र आहे, अशी समजूत रामाला घालावी लागते.

चित्रं पाहता पाहता सीतेला पुन्हा वनात जावंसं, भागीरथीत उतरावंसं वाटतं. डोहाळेच ते, राम रथ सज्ज करायला सांगतो. ती थकून त्याच्या बाहूवर झोपते, तोच रामाचा हेर दुर्मुख तिच्याबद्दलच्या लोकापवादाची बातमी आणतो. फिरायला नेणारा तोच रथ आता तिला वनात सोडायला निघतो.

भवभूतीने घरातल्या विसाव्याला असं वजन दिलं. मालती चित्र काढते, सीता चित्र वाचते, आणि दोघींच्या कथा तिथून पुढे सरकतात. संग्रहालयात एखाद्या नायिकेच्या चित्रापुढे उभं राहिल्यावर तिच्या दागिन्यांआधी एवढं पाहावं: ती स्वतः काय पाहते आहे?