भाकड दिवसांचा हिशेब

(लेखमाला : गोठ्यातलं दूध, देशाचं दूध – लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण वळू आणि वंशावळ पाहिली. चांगल्या वळूची रेतमात्रा वापरली की पुढच्या पिढीचं दूध वाढतं, पण ती कालवड व्यायला तीन वर्षं तरी जातात. आज दावणीला उभ्या असलेल्या गाईचं दूध कसं वाढवायचं? माझं म्हणणं असं, की आधी तिचे वाया जाणारे दिवस मोजावेत.

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९० लाख टन दूध निघालं, म्हणजे माणशी रोज ४७१ ग्रॅम. १९५०-५१ मध्ये हेच उत्पादन १ कोटी ७० लाख टन होतं. कौतुक करावं अशीच ही मजल आहे. पण या दुधामागे जनावरंही तेवढीच आहेत. २०१९ च्या पशुगणनेत गोवंश १९ कोटींच्या वर आणि म्हशी ११ कोटींच्या घरात होत्या. मागणी तर वाढतच आहे. ती भागवायला आणखी जनावरं बांधली, तर त्यांना वैरण-पाणी कुठून आणणार? आहेत त्याच जनावरांनी जास्त दिवस दूध द्यायला हवं.

गाय साधारण २८० दिवस गाभण राहते. व्याल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांतलं अंतर १३ महिन्यांच्या आसपास बसतं. पुढच्या वितीआधीचे साठ दिवस ती आटवायची, बाकीचे सगळे दिवस दुधाचे. आपल्याकडे हे अंतर सहज १८ महिन्यांवर जातं. पहिल्या वितीपासून आठ वर्षं गाय गोठ्यात राहिली असं धरा. १३ महिन्यांच्या हिशेबाने तिची सात वेतं होतात, १८ महिन्यांच्या हिशेबाने पाच. दोन वासरं गेली, दोन वेळचा व्याल्यानंतरचा भर दुधाचा काळ गेला, आणि भाकड महिन्यांत गव्हाणीत टाकलेली वैरण कुठे धरायची? हा तोटा डेअरीच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो फारसा कोणाला टोचतही नाही.

हे दिवस जातात कुठे? बहुतेक वेळा माज चुकण्यात. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो बारा ते अठरा तास. तेवढ्यात कुणाचं लक्ष गेलं नाही, तर २१ दिवस सरळ गेले. असे दोन माज चुकले की दीड महिना बुडाला. काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो, गाय हंबरते, वैरण कमी खाते, दूध एकदम घटतं आणि दुसरी गाय अंगावर चढली तरी स्थिर उभी राहते. या शेवटच्या खुणेइतकी खात्रीची दुसरी खूण नाही, आणि दिवसभर दाव्याला बांधलेल्या गाईत नेमकी तीच दिसत नाही. मुक्त संचार गोठ्याचा मोठा फायदा मला इथे वाटतो. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी गोठ्यात वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. धार काढताना आपलं लक्ष कासेवर असतं, तेव्हा बाकी काही दिसत नाही.

म्हशीचं काम आणखी अवघड. तिचा माज बहुधा मुका, आणि उन्हाळ्यात तर तो कळतच नाही. तिला सावलीत ठेवून अंगावर पाणी मारणं हा लाड नव्हे, गाभण राहण्यासाठीची ती गरज आहे.

माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतकांडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असते. बाहेर काढल्यावर ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरावी लागते. खिशात ठेवून किंवा तळहातावर चोळून ती वितळवली, तर आतले शुक्रजंतू मरतात आणि तीन आठवड्यांनी आपण म्हणतो, गाय उलटली. रेतन करणाऱ्याकडे थर्मामीटर आणि कोमट पाणी आहे का, हे विचारायला संकोच कशाला? उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ सुरू केली आणि पुढे या संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. दारात आलेली ही सेवा नीट करून घेणं आपल्या हातात आहे.

काही गाई मात्र माजावरच येत नाहीत. तिथे औषधाआधी गव्हाण पाहावी. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक मात्र मागे राहते. गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते आणि माज लांबतो. ऊसपट्ट्यात याला आणखी एक कारण जोडलं जातं. हंगामात ठिकठिकाणी गाईंना नुसते वाढे घातले जातात. वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं आणि ते कॅल्शियम गाईच्या अंगी लागत नाही. वाढे फुकटात पडतात हे मी समजू शकतो, पण त्यांच्यावरच गोठा चालवला तर दुग्धज्वर आणि न थांबणाऱ्या गाई वाट्याला येतात. वाढे थोडेच घालावेत, सोबत लसूणघास किंवा मका असावा आणि आंबोणात खनिज मिश्रण रोज, न चुकता. दूध आटलं की ते बंद करण्याची रीत तर पहिल्यांदा मोडायला हवी, कारण पोटातलं वासरू तेव्हाच सर्वात वेगाने वाढत असतं.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ पासून आहे, २०१९ पासून दारात मोफत रेतनाची देशव्यापी मोहीम झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या कार्यक्रमात ‘गौ चिप’ व ‘महिष चिप’ आल्या. जनावराची गुणवत्ता लहानपणीच जनुकांवरून ताडण्यासाठी त्या आहेत. या सगळ्याची गरज होतीच. तरीही किती रेतनं केली, या आकड्याला आपण फार महत्त्व देतो असं मला वाटतं. तालुक्यातल्या गाईंच्या दोन वेतांतलं सरासरी अंतर किती महिन्यांवर आलं, हे दरवर्षी जाहीर झालं तर कामाची खरी मोजदाद होईल.

तोवर गोठ्यातल्या भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. व्यायल्याची, माजाची आणि भरवल्याची तारीख प्रत्येक गाईच्या नावापुढे लिहा. भरवल्यावर १८ व्या दिवसापासून तिच्यावर पुन्हा नजर ठेवा आणि दोन-अडीच महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. माजावर आली नाही म्हणजे गाभण असणारच, असं धरून चालू नका.

पुढच्या आठवड्यात मुरघास : मका कधी कापायचा आणि खड्डा कसा दाबायचा.