परभाषेचा डोह आणि काठावरचा माणूस

फ्रेंच शिकण्यासाठी फ्रान्सला जाऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आता कोणाला फारसे नवल वाटत नाही. पुण्यामुंबईत फ्रेंचच्या दोन-तीन परीक्षा दिलेला तरुण एखाद्या फ्रेंच गावी जातो, तेथील कुटुंबात राहतो आणि सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या निरोपापर्यंत फ्रेंचच ऐकतो, फ्रेंचच बोलतो. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाच्या उन्हाळी वर्गांत तर शिकावयाच्या भाषेखेरीज दुसरी भाषा न बोलण्याची प्रतिज्ञाच विद्यार्थ्याकडून घेतली जाते. भाषेच्या डोहात बुडी मारून ती शिकण्याची ही रीत यशस्वी ठरली आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु अशीच बुडी, परदेशी न जाता, वयाच्या सहाव्या वर्षी आणि कोणी न विचारता ज्यांच्या वाट्याला येते, अशी मुले महाराष्ट्रातच आहेत. त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका आणि पूर्वी त्याचाच भाग असलेला जिवतीचा पहाड येथे गोंड आणि कोलाम यांची वस्ती आहे. बाजारपेठेजवळच्या गावांतील पुष्कळ कुटुंबे मराठी बोलतात. पण पहाडावरच्या गुड्यांतील मुलाच्या कानावर घरी गोंडी किंवा कोलामीच पडते. या भाषा म्हणजे मराठीच्या बोली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः त्या द्राविड कुळातील, तेलुगू-कन्नडच्या नात्यातील भाषा आहेत. मराठी आणि फ्रेंच यांचे मूळ मात्र एकाच भाषाकुळात सापडते. आपल्या ‘सात’ला फ्रेंच माणूस ‘सेत’ म्हणतो. गोंड मूल ‘तीन’ला ‘मूंद’ आणि ‘चार’ला ‘नालुंग’ म्हणते. म्हणजे कुळाचा हिशेब पाहता, पॅरिसला निघालेल्या मराठी विद्यार्थ्याला फ्रेंच जितकी परकी, त्याहून मराठी त्या मुलाला परकी आहे. तक्त्यावरील पाण्याचे चित्र पाहून ते ‘एर’ म्हणाले, तर त्याचे उत्तर बरोबर असते. ते बरोबर आहे हे गोंडी न जाणणाऱ्या शिक्षकाला कळत नाही, आणि आपण चुकलो एवढेच मूल शिकते.

बुडी आणि बुडणे

या दोन प्रसंगांतील भेद नीट पाहिला पाहिजे. परदेशी जाणारा विद्यार्थी स्वेच्छेने जातो. स्वतःच्या भाषेत तो लिहू-वाचू शकतो. तेथे अडला तर कोशात पाहतो, आणि काही महिन्यांनी परत येतो. लहान मुलांच्या बाबतीतही हा प्रयोग झाला आहे. कॅनडातील माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजी भाषक पालकांनीच आग्रह धरून आपल्या मुलांसाठी संपूर्ण फ्रेंच बालवर्ग सुरू करविला. शिक्षिका फ्रेंच बोलत. परंतु मूल आरंभी इंग्रजीत बोलले तर ते त्यांना समजत असे. पुढील इयत्तांत इंग्रजीचेही शिक्षण मिळू लागले. मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांची प्रगती अनेक वर्षे तपासली. मुलांना फ्रेंच चांगली आली आणि त्यांचे इंग्रजीही खालावले नाही. मात्र तेथे घरच्या भाषेला प्रतिष्ठा होती आणि तिचे काठावर उभे असलेले कोणीतरी होते. हा काठच काढून घेतला, तर बुडी मारणे आणि बुडणे यांत अंतर उरत नाही. अशा मुलाचे नाव पटावर राहते, पण ते स्वतः हळूहळू शाळेतून नाहीसे होते. मग आदिवासी मुलांना शिक्षणाची गोडी नाही, असे म्हणण्यास आपण मोकळे!

राजुऱ्याने हे भोगले आहे

ही वेदना राजुऱ्याला तरी अपरिचित नसावी. हा तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. शिकून पुढे जायचे तर मराठी मुलाला आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागे. भाषावार पुनर्रचनेत १९५६ साली हा तालुका नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे सांगणारे ३५०-अ हे कलमही १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. मराठी मुलाला त्या पुनर्रचनेचे फळ मिळाले. गोंड आणि कोलाम मुलाला एका परक्या भाषेऐवजी दुसरी मिळाली.

हे अशक्य होते असेही नाही. कुमराम भीमच्या १९४० मधील उठावानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने त्याच आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र काढले. तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत होते. अलीकडे, २०१९ मध्ये, गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी शाळा सुरू केली. २०२२ मध्ये मान्यतेअभावी तिला शिक्षण खात्याची नोटीस मिळाली. निजामाच्या राज्यात जे घडू शकले, ते लोकशाहीत नियमात बसू नये, ही गोष्ट भूषणावह नाही.

अडचणी खऱ्या आहेत. एकाच वर्गात दोन-तीन भाषांची मुले असतात, पुस्तके तोकडी पडतात, आणि मूल मराठीत मागे पडेल अशी धास्ती आदिवासी पालकांनाही वाटते. पण मागणी मराठी वगळण्याची नाही, मराठीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची आहे. पहाडावरच्या शाळांत पहिल्या दोन-तीन इयत्तांना मुलांची भाषा जाणणारा शिक्षक असावा. तो न मिळाल्यास गुड्यातील एखादी शिकलेली मुलगी साहाय्यक म्हणून नेमावी. बदलून येणाऱ्या शिक्षकाला रुजू होण्यापूर्वी गोंडी-कोलामीचे प्राथमिक शिक्षण मिळावे. फ्रान्सला जाणारा विद्यार्थी पहिली शंभर वाक्ये शिकूनच विमानात बसतो. जिवतीच्या पहाडावर जाणाऱ्या शिक्षकाकडून तेवढीच अपेक्षा करणे अवास्तव नव्हे.

भाषेच्या न्यायाने जो तालुका महाराष्ट्रात आला, त्याच्या पहाडावरील मुलांना तोच न्याय नाकारला जाऊ नये. ‘एर’ म्हणणाऱ्या मुलाला ‘शाब्बास, यालाच मराठीत पाणी म्हणतात’ असे सांगणारा शिक्षक वर्गात असला, की त्या न्यायाचा आरंभ होईल.